पट्टी न सोडता पळणारा आवाज : डेनिस गाबोर

एन्ड सेमच्या आदल्या रात्री आपल्या होस्टेलवर एक चमत्कार घडत असतो आणि त्याकडे कुणाचंच लक्ष जात नाही. तीस लेक्चर्स बघायची बाकी असतात, हातात रात्र एकच. मग काय, स्पीड दोन एक्स! चाळीस मिनिटांचं लेक्चर वीस मिनिटांत आटपतं. सर धावतात, खडू धावतो, डस्टर धावतं, पण सरांचा आवाज मात्र सरांचाच राहतो.

ज्यांनी घरातला जुना टेपरेकॉर्डर हाताळलाय त्यांना यातली गंमत कळेल. कॅसेट जोरात फिरली की भल्याभल्या बुवांचा उंदीर व्हायचा, आणि सेल उतरत आले की लताबाईंच्या आवाजालाही जांभया यायला लागायच्या. कारण अगदी सोपं आहे. फितीवर आवाजाच्या लाटा ओळीने नोंदलेल्या असतात. फित दुप्पट वेगाने ओढली की सेकंदाला 120 कंपनं होती त्यांची 240 होतात. पेटीच्या भाषेत सांगायचं तर सा वरून उडी थेट वरच्या सा वर. दीडपट वेगाने ओढली तर सा चा पंचम होतो. म्हणजे वेळ वाचवायचा तर पट्टी चढणार आणि पट्टी सांभाळायची तर वेळ द्यावा लागणार. दोन्ही गोष्टी एकाच दोरीला बांधलेल्या.

ही दोरी कितपत सोडवता येते याचं गणित 1946 साली एका माणसाने मांडलं, आणि नुसतं गणित मांडून न थांबता एका सिनेमाच्या प्रोजेक्टरची मोडतोड करून ती सोडवूनही दाखवली. त्याचं नाव डेनिस गाबोर. आता तुम्ही म्हणाल, गाबोर म्हणजे होलोग्राम! बरोबर. 1971 चं फिजिक्सचं नोबेल त्याला होलोग्राफीसाठीच मिळालं, आणि त्या एका होलोग्रामच्या उजेडात त्याची बाकीची कामं झाकोळून गेली. आवाजावरचं हे काम त्यातलंच एक. माझ्या मते तर तेच जास्त खोल आहे. पण आधी माणूस कोण होता ते बघू.

गाबोरचा जन्म 5 जून 1900 चा, बुडापेस्टचा. घराण्याचं मूळ आडनाव गुन्सबर्ग, 1902 मध्ये ते बदलून गाबोर झालं. वडील कोळशाच्या खाणींच्या कंपनीत मोठ्या हुद्द्यावर. तिघा भावांत हा थोरला. पंधराव्या वर्षी त्याला फिजिक्सने जे झपाटलं ते कायमचं. कॉलेजात जाईपर्यंत थांबायला कुठला धीर! घरच्या घरीच कॅल्क्युलस शिकला आणि ख्वोल्सनचं त्या काळचं सगळ्यात जाडजूड पाठ्यपुस्तक दोन वर्षांत संपवलं. धाकटा भाऊ जॉर्ज याला हाताशी धरून घरातच छोटी प्रयोगशाळा थाटली. वायरलेस, क्ष-किरण, किरणोत्सर्ग, त्या काळात जे जे नवं होतं ते ते दोघं घरी करून बघत. (आपल्याकडे घरात एक एलईडी लावायची तरी आई आधी फ्यूजकडे बघते.)

इतकं फिजिक्सचं वेड असूनही गाबोर गेला कुठे? तर इंजिनिअरिंगला! कारण आपल्या ओळखीचंच आहे. हंगेरीत फिजिक्स हा तेव्हा पोट भरण्याचा धंदाच नव्हता. सगळ्या देशात मिळून प्राध्यापकांच्या जागा जेमतेम सहा. त्यातली एक आपल्याला मिळेल असं समजणंसुद्धा त्याला आगाऊपणाचं वाटलं. पहिलं महायुद्ध संपता संपता तोफखान्यात भरती होऊन उत्तर इटलीत जाऊन आला, परत येऊन बुडापेस्टच्या तंत्रविद्यापीठात मेकॅनिकलला बसला. 1920 मध्ये पुन्हा लष्करात येण्याचं बोलावणं आलं. नवं सरकार त्याला अजिबात मान्य नव्हतं, म्हणून त्याने गाव सोडलं आणि बर्लिनच्या शार्लोटेनबुर्गमधलं तंत्रविद्यापीठ गाठलं. गाव सोडण्याची ही पहिली वेळ. 1924 मध्ये तिथे इलेक्ट्रिकलची पदवी आणि 1927 मध्ये डॉक्टरेट.

पण बर्लिनमध्ये त्याचा पाय आपल्या कॉलेजात कमीच टिकायचा. संधी मिळाली की स्वारी बर्लिन युनिव्हर्सिटीत हजर. तिथे तेव्हा आइन्स्टाइन, प्लांक, नर्न्स्ट आणि फॉन लाउए शिकवत होते. आपले लेक्चर बंक करून आइन्स्टाइनच्या सेमिनारला जाऊन बसणारा विद्यार्थी! असा बंक माफ.

डॉक्टरेटसाठी त्याने अतिवेगवान कॅथोड रे ऑसिलोग्राफ बनवला. त्यात इलेक्ट्रॉनचा झोत नीट एकवटावा म्हणून वेटोळ्याभोवती लोखंडी कवच घातलं. ही लोखंडी कवचाची पहिली मॅग्नेटिक इलेक्ट्रॉन लेन्स. लेन्स त्याच्या हातात होती, पण ती लेन्स आहे हे तेव्हा त्याच्या ध्यानात आलं नाही. नंतर ध्यानात आलं, लिओ झिलार्ड या हंगेरियन मित्राने बर्लिनच्या कॅफेत बसून त्याला इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप बनव म्हणून सुचवलंही. गाबोरने ते उडवून लावलं. झोताखाली ठेवलेली वस्तू जळून खाक होईल, मग बघायचं काय, असा त्याचा हिशोब. 1931 मध्ये त्याच विद्यापीठात नॉल आणि रुस्का यांनी इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोप करून दाखवला. रुस्काला त्याबद्दल 1986 मध्ये नोबेल मिळालं. ही हुकलेली गाडी गाबोरला आयुष्यभर खुपत राहिली आणि पुढचं बरंचसं काम, होलोग्राफीसुद्धा, त्या खुपण्यातूनच झालं.

1927 मध्ये तो सीमेन्स अँड हाल्स्के कंपनीत लागला. शोधत होता कॅडमियमचा दिवा, तो काही जमला नाही, हाती लागला क्वार्ट्झचा उच्च दाबाचा पाऱ्याच्या वाफेचा दिवा. पुढे असे लाखो दिवे जगभरच्या रस्त्यांवर लागले. 1933 मध्ये हिटलर सत्तेवर आला आणि ज्यू घराण्यातल्या या माणसाला बर्लिन सोडावं लागलं. काही काळ बुडापेस्टला काढून 1934 मध्ये तो इंग्लंडला पोचला. तिथे मंदीची लाट होती, परक्या माणसाला नोकरी कोण देणार? रग्बी गावच्या ब्रिटिश थॉमसन-ह्यूस्टन कंपनीने, म्हणजे बीटीएचने, त्याला नोकरीऐवजी करारावर घेतलं. त्याच्या डोक्यात एका नव्या दिव्याची कल्पना होती, तेवढ्यापुरता करार. तो दिवाही धड चालला नाही, पण प्रयोगशाळेत पाय रोवायला जागा मिळाली. 1936 मध्ये मार्जरी बटलर या इंग्लिश मुलीशी लग्न झालं.

मग दुसरं महायुद्ध. हंगेरी जर्मनीच्या बाजूने उतरली आणि ज्याला हिटलरमुळे पळावं लागलं होतं तोच गाबोर इंग्लंडात शत्रुराष्ट्राचा नागरिक ठरला. कंपनीत युद्धाची गुप्त कामं सुरू झाली, पहारे बसले, कुंपण पडलं. गाबोरला कुंपणाच्या आत मज्जाव. त्याच्यासाठी कुंपणाबाहेर एक खोपटं दिलं होतं, तिथे बसून त्याने आपलं आपलं काम करायचं. बाकीचे इंजिनिअर देशासाठी काय करताहेत हे त्याला कळायची सोय नव्हती. ज्या माणसाला दहा विषयांत एकाच वेळी डोकं घालायची सवय, त्याला असं बाजूला बसवलं तर काय होईल? तो मुळापासून विचार करायला लागतो. माझा तरी असा समज आहे की कम्युनिकेशनवरचा त्याचा पुढचा लेख या एकटेपणातच मुरला असावा.

युद्ध संपलं. 1946 मध्ये गाबोरला ब्रिटिश नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षी इंग्लंडच्या इलेक्ट्रिकल इंजिनिअर्सच्या संस्थेच्या जर्नलमध्ये थिअरी ऑफ कम्युनिकेशन या नावाचा त्याचा तीन भागांचा लेख आला. शॅननच्या प्रसिद्ध लेखाच्या दोन वर्षं आधी.

पहिल्या भागात त्याने थेट फूरिएशीच पंगा घेतला. एम-थ्री मध्ये फूरिए ट्रान्सफॉर्म आपण सगळ्यांनीच घोकलाय. सिग्नल दोन प्रकारे लिहिता येतो. एक तर वेळेनुसार, कुठल्या क्षणी किती. नाहीतर फ्रिक्वेन्सीनुसार, कुठल्या फ्रिक्वेन्सीचा अंश किती. पहिल्यात सूर दिसत नाही, दुसऱ्यात वेळ दिसत नाही. फूरिएची साइन वेव्ह म्हणजे अनंतकाळापासून सुरू असलेली आणि अनंतकाळ चालणारी! आता एखादी मींड घ्या. गवई गंधारावरून षड्जावर अलगद घसरत येतो, आपल्याला सूर बदलताना ऐकू येतो. पण फूरिएच्या भाषेत बदलणारी फ्रिक्वेन्सी ही गोष्टच बसत नाही. कान तर क्षणोक्षणी वेळ आणि सूर दोन्ही एकदम टिपत असतो. मग कानाला जे दिसतं ते गणिताला का दिसू नये?

गाबोरने आलेखाच्या एका अक्षावर वेळ घेतली आणि दुसऱ्यावर फ्रिक्वेन्सी. गाण्याचं नोटेशन लिहिलेली वही डोळ्यांपुढे आणा, साधारण तसंच. मग त्याने विचारलं, या कागदावर लहानात लहान ठिपका केवढा काढता येतो? उत्तर आलं की ठिपक्याची रुंदी कमी करत गेलात तर उंची वाढते, उंची कमी केलीत तर रुंदी वाढते, क्षेत्रफळ मात्र एका हद्दीखाली जात नाही. त्याच्या व्याख्येप्रमाणे वेळेतला पसारा गुणिले फ्रिक्वेन्सीतला पसारा हा अर्ध्यापेक्षा कमी होऊ शकत नाही. उदाहरणार्थ आवाजाचा 0.01 सेकंदाचा तुकडा कापलात तर त्याची फ्रिक्वेन्सी 50 हर्ट्झहून बारीक सांगताच येत नाही. पुरुषाच्या बोलण्याचा मूळ सूरच 100 ते 150 हर्ट्झच्या आसपास असतो, त्यात 50 चा गोंधळ! हे ओळखीचं वाटतंय ना? हायझेनबर्गचा अनिश्चिततेचा नियम. गाबोरने क्वांटम मेकॅनिक्समधलं तेच गणित उचलून टेलिफोनच्या तारेवर आणून ठेवलं. सेमिनारला जाऊन बसल्याचा असा उपयोग झाला.

हा लहानात लहान ठिपका कसा दिसतो? घंटेच्या आकाराच्या वक्राखाली, म्हणजे गॉसियन खाली, झाकलेली साइन वेव्ह. हळूच उगवते, थोडी थरथरते, हळूच मावळते. त्याला गाबोरने लोगॉन असं नाव दिलं. कुठलाही आवाज अशा कणांची बेरीज म्हणून लिहिता येतो, असं त्याचं म्हणणं. 1947 मध्ये नेचर मध्ये त्याने यांनाच आवाजाचे क्वांटा म्हटलं. दुसऱ्या भागात त्याने लोकांच्या ऐकण्याच्या प्रयोगांचे आकडे तपासले आणि निष्कर्ष काढला की आपला कान या गणिती हद्दीच्या अगदी जवळपर्यंत पोचतो. (इथे एक पुरवणी जोडायला हवी. 2013 मध्ये रॉकफेलर युनिव्हर्सिटीच्या ओपनहाइम आणि मॅग्नास्को यांनी दाखवलं की काही माणसांचे, विशेषतः संगीतकारांचे, कान ही हद्द चक्क ओलांडतात. गाबोरचं गणित चुकलं नाही. ते लिनिअर यंत्रणेला लागू पडतं आणि कान लिनिअर नाही.)

आता तिसरा भाग, आपल्या दोन एक्सचा आजोबा. गाबोरला लेक्चर पळवायचं नव्हतं, अर्थातच. त्याला टेलिफोनच्या तारा वाचवायच्या होत्या. साध्या टेलिफोनला सुमारे 300 ते 3400 हर्ट्झचा पट्टा लागतो. त्याला वाटलं, आवाजातल्या सगळ्या फ्रिक्वेन्सी दाबून निम्म्या केल्या, तारेतून पाठवल्या आणि पलीकडे पुन्हा दुप्पट केल्या, तर एका तारेत दोघांचं बोलणं मावेल. पण निम्म्या करायच्या कशा? फित हळू फिरवून होईल, पण मग एका मिनिटाचं बोलणं दोन मिनिटांचं होणार आणि सगळी बचत वाया! म्हणजे पट्टी बदलायची पण वेळ नाही. आपल्याला वेळ बदलायचा असतो, पट्टी नाही. कोडं एकच, फक्त उलटं धरलेलं.

त्याने 16 मिलिमीटरचा बोलपटाचा प्रोजेक्टर घेतला. जुन्या बोलपटात आवाज फिल्मच्या कडेला काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांत नोंदलेला असे. एका बारीक फटीतून प्रकाश त्यावर पडतो, पलीकडे फोटोसेल असतो, आणि फिल्म सरकेल तसा प्रकाश कमीजास्त होऊन आवाज निघतो. या मांडणीत फट जागच्या जागी असते. गाबोरने ती फट हलती केली! एका फिरत्या ड्रमवर ओळीने फटी पाडल्या आणि फिल्मपुढून त्या एकामागून एक नेल्या.

याने काय साधलं बघा. आवाजाची पट्टी ठरते ती फिल्म आणि फट यांच्यातल्या सापेक्ष वेगावर. आणि कार्यक्रम किती वेळात संपतो हे ठरतं निव्वळ फिल्मच्या वेगावर. दोन वेगवेगळे वेग. दोरी सुटली! फिल्म दुप्पट वेगाने सोडा आणि फट तिच्याच दिशेला एकपट वेगाने पळवा. सापेक्ष वेग राहिला एक, पट्टी जशीच्या तशी, वेळ मात्र निम्मा. धावत्या एसटीबरोबर धावणाऱ्या माणसाला खिडकीतला चेहरा नीट दिसतो, तसंच हे.

अडचण एवढीच की फट किती धावणार? तिची खिडकी संपते. मग मागची फट येते आणि फिल्मवर नव्या जागेपासून वाचायला लागते. दोन फटींच्या मधला जो तुकडा राहिला तो कुणीच वाचत नाही. म्हणजे दोन एक्स वर लेक्चर ऐकताना निम्मा आवाज आपण खरोखरच फेकून दिलेला असतो! घाईघाईने ऐकलेला नव्हे, ऐकलेलाच नाही. तरी आपल्याला सगळं समजतं. कारण बोलण्यातला एकेक स्वर म्हणजे सारख्याच आकाराच्या लाटांची लांब माळ असते. त्यातले एकाआड एक मणी काढले तरी माळ ओळखू येते. उलट आवाज लांबवायचा असेल तर फट उलट्या दिशेने न्यायची, मग तेच तुकडे दोनदा वाचले जातात.

एक फट संपून दुसरी सुरू होताना खट्ट आवाज येऊ नये म्हणून खिडकीची काच कडांना काळसर आणि मध्ये स्वच्छ, अशी घंटेच्या वक्राप्रमाणे ठेवायची. जाणारी फट विझत जाते, येणारी उजळत येते. म्हणजे पहिल्या भागातला तो लहानात लहान ठिपका इथे काचेवरच आला! पहिला भाग वाचताना जे नुसतं गणित वाटतं ते इथे हाताला लागतं. मला हा लेख आवडतो तो या जागेसाठी.

खिडकी केवढी ठेवायची, यात मात्र त्याच्या अनिश्चिततेने त्याला सोडलं नाही. लांब ठेवली तर सूर स्वच्छ येतो, पण त, ट, क सारखी क्षणात फुटणारी व्यंजनं फासली जातात किंवा गळतात. आखूड ठेवली तर व्यंजनं वाचतात, सूर मात्र भुरभुरतो. एकच सूर आत घातला तर बाहेर एक सूर न येता आसपासच्या सुरांचा झुबका येतो, हेही त्याने गणिताने काढून दाखवलं. इथे पळवाट नाही. तरीही साध्याशा यंत्रावरच्या प्रयोगांत त्याला आढळलं की बोलणं 800, अगदी 500 हर्ट्झच्या पट्ट्यात दाबूनही बरंचसं समजतं. हलत्या फटीने पट्टी बदलण्याची कल्पना अगदी पहिल्यांदा त्यालाच सुचली असं नाही, 1920 च्या दशकातल्या पेटंटांतही तिची चाहूल लागते. पण ती का चालते, कुठवर चालते आणि कुठे अडते हे आधी कुणी असं सांगितलं नव्हतं.

टेलिफोनवाल्यांनी मात्र हे यंत्र उचललं नाही. आणि गाबोरही त्यामागे लागला नाही. त्याचा स्वभावच तसा, एक खेळणं झालं की दुसरं. 1947 च्या ईस्टरला रग्बीच्या टेनिस क्लबवर बाकावर आपली पाळी येण्याची वाट बघत बसलेला असताना त्याला होलोग्राफी सुचली. इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपचं चित्र आधी अर्धवटच घ्यायचं, पण फेजसकट, आणि मग नंतर प्रकाशाने ते दुरुस्त करायचं अशी ती मूळ कल्पना. लेसर नव्हता. मग उच्च दाबाच्या पाऱ्याच्या दिव्यावर भागवलं, म्हणजे तरुणपणी स्वतः ज्यावर काम केलं त्याच जातीचा दिवा! हजारांश मिलिमीटरांच्या छिद्रातून येणारा मिणमिणता प्रकाश, सेंटिमीटरभराचा होलोग्राम, एकेका फोटोला काही मिनिटं. 1948 मध्ये ते छापून आलं. पुढची चौदा वर्षं फारसं कुणी ढुंकून बघितलं नाही. 1960 मध्ये लेसर आला, 1962 मध्ये अमेरिकेत लीथ आणि उपात्निएक्स यांनी लेसरवर होलोग्राम काढले आणि मग सगळं जग धावत आलं.

1 जानेवारी 1949 ला गाबोर लंडनच्या इम्पीरियल कॉलेजात रीडर म्हणून लागला, पुढे प्राध्यापक झाला आणि 1967 मध्ये निवृत्त. 1956 मध्ये रॉयल सोसायटीचा फेलो. चपटी टीव्हीची नळी, स्वतः शिकणारं अ‍ॅनालॉग यंत्र, काय काय केलं! बहुतेक गोष्टी जमल्या पण वीसएक वर्षं लवकर. सुटे भाग, साहित्य, कॉम्प्युटर, काहीतरी यायचं राहिलेलं असे.

आवाजाच्या कणांचंही तेच झालं. 1954 मध्ये अमेरिकेत इलिनॉय युनिव्हर्सिटीत फेअरबँक्स आणि त्याच्या सहकाऱ्यांनी टेपवर फिरती हेड्स बसवून हेच यंत्र पुन्हा केलं. फिल्मच्या जागी टेप, फटीच्या जागी हेड, बाकी तत्त्व तेच. आणि मग त्याला खरे गिऱ्हाईक भेटले. टेलिफोन कंपन्या नव्हे, अंध वाचक! डोळस माणूस पुस्तक वाचतो त्याच्या मानाने कानाने ऐकलेलं पुस्तक फार रेंगाळतं. लुइव्हिल युनिव्हर्सिटीतला मानसशास्त्रज्ञ एमर्सन फाउल्क, जो स्वतः अंध होता, त्याने 1960 च्या दशकात यावर पुष्कळ अभ्यास केला. मिनिटाला साधारण 250 ते 275 शब्दांपर्यंत समज फारशी घसरत नाही, त्यापुढे मात्र भराभर घसरते, असं या अभ्यासांतून दिसलं. दोन एक्सच्या वर पोचलेल्या दोस्तांनी हा आकडा लक्षात ठेवावा. पण सवयीने हद्द पुढे सरकते हेही खरं. अंध मित्राच्या फोनवरचा स्क्रीन रीडर कधी ऐकून बघा, आपल्याला एक अक्षर कळत नाही इतक्या वेगात तो त्याला सगळं वाचून दाखवत असतो.

कॉम्प्युटर आल्यावर ड्रम गेला, फट गेली, उरले फक्त कण. 1966 मध्ये बेल लॅब्जमध्ये फ्लॅनॅगन आणि गोल्डन यांनी फेज व्होकोडर काढला, तो आवाजाचे सूर वेगळे करून मग वेळ ताणतो. 1985 मध्ये रूकोस आणि विल्गस यांनी गाबोरच्या फटींतला मुख्य दोष काढला. नवा तुकडा कुठून सुरू करायचा हे ड्रमच्या फिरण्यावर न सोडता, मागच्या तुकड्याची लाट जिथे संपते तिच्याशी जुळणारी लाट आसपास शोधायची आणि तिथेच सांधा मारायचा. को-रिलेशन काढून! 1993 मध्ये व्हेरहेल्स्ट आणि रोलँड्स यांनी त्याचीच सुधारलेली आवृत्ती आणली, डब्ल्यूसोला. क्रोम ब्राउझरमध्ये व्हिडिओचा वेग बदलला की हीच चालते. डीएसपीच्या मिनी प्रोजेक्टला विषय शोधत असाल तर जरूर करून बघा, मॅटलॅबमध्ये शंभर ओळीही लागत नाहीत. खिडकी 10 मिलिसेकंदांची ठेवा, मग 100 ची ठेवा, आणि गाबोरची अनिश्चितता स्वतःच्या कानांनी ऐका.

झेनाकिस नावाच्या संगीतकाराने याच कणांतून 1950 च्या दशकाअखेर संगीत रचलं. आणि आपल्या इमेज प्रोसेसिंगच्या पेपरात गॅबर फिल्टर म्हणून जो प्रश्न येतो तो हाच गाबोर, तोच घंटेखालचा साइन, फक्त दोन मितींत. त्यावर केंब्रिजच्या जॉन डॉगमन यांनी डोळ्याच्या बुबुळावरून माणूस ओळखायची पद्धत बसवली. आधारसाठी आपण सगळे त्या दुर्बिणीसारख्या यंत्रात डोळे लावून आलोय, तिच्यामागे ही पद्धत आहे. 29 सप्टेंबर 2010 ला नंदुरबार जिल्ह्यातल्या टेंभलीत पहिली आधार कार्डं वाटली गेली. टेलिफोनची तार वाचवायला काढलेलं गणित कुठून कुठे पोचलं!

गाबोरने उतारवयात माणसाच्या भविष्यावर पुस्तकं लिहिली. 1963 चं इन्व्हेंटिंग द फ्युचर त्यातलं गाजलेलं. अणुयुद्ध, लोकसंख्या आणि रिकामा वेळ ही तीन संकटं त्याला दिसत होती. त्यातलं तिसरं त्याला सगळ्यात अवघड वाटायचं, कारण पहिल्या दोन्हींचा निदान विचार तरी चालू आहे. उन्हाळ्यात पतिपत्नी इटलीतल्या समुद्रकाठच्या घरी जात. ज्या देशात अठराव्या वर्षी तोफखान्यातून गेला होता त्याच देशात.

1974 च्या उन्हाळ्यात त्याच्या मेंदूत रक्तस्राव झाला. वाचणं गेलं, लिहिणं गेलं, बोलणंही फार अडखळत. कान आणि बुद्धी मात्र शाबूत होती. समोरच्याचं सगळं समजायचं, उत्तर देता यायचं नाही. तशा अवस्थेतही 1977 मध्ये तो न्यूयॉर्कचं होलोग्राफीचं म्युझियम बघून आला. 9 फेब्रुवारी 1979 ला लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधल्या एका नर्सिंग होममध्ये तो गेला. तोपर्यंत जपान्यांचे खिशात मावणारे कॅसेट रेकॉर्डर बाजारात आले होते, आणि त्यावर फास्ट लावलं की आवाजाचा अजून उंदीरच होत होता.